कराड ते बुमला: दोन परवाने आणि अण्णांचं नेफा

परवा शनिवारी रात्री घरी पोचलो, बॅगा अजून अर्ध्या भरलेल्याच आहेत आणि आज वसुबारस, म्हणजे दिवाळीची सगळी कामं अंगावर आहेत. तरी आधी हे लिहायला बसले, कारण जायच्या आधी महिनाभर मी ज्या प्रश्नांच्या मागे लागले होते त्यांची उत्तरं मला मराठीत एका जागी कुठे सापडली नाहीत. सत्तरी उलटलेल्या माणसाला घेऊन अरुणाचलमधल्या तवांगला जाता येतं का, ते इनर लाईन परमिट म्हणजे नक्की काय, चीनच्या सीमेवरच्या बुमला खिंडीला वेगळं परमिट लागतं का, किती दिवस हाताशी ठेवायचे. कुणाला तरी उपयोग होईल म्हणून जसं घडलं तसं सांगते.

सुरुवात अण्णांपासून. माझे वडील 72 वर्षांचे, मूळचे कराडचे, सगळं आयुष्य छापखान्यात गेलं. 1962 साली ते दहा वर्षांचे होते. पेठेत एका दुकानात रेडिओ होता, तिथे संध्याकाळी माणसं गोळा व्हायची आणि बातम्यांत रोज नेफा, नेफा, सेला, बोमडिला अशी नावं यायची, ती त्यांच्या डोक्यात तेव्हापासून बसलेली. (नेफा म्हणजे आजचा अरुणाचल. 1972 ला केंद्रशासित झाला तेव्हा हे नाव मिळालं, राज्य झालं 20 फेब्रुवारी 1987 ला. अण्णा मात्र सगळ्या प्रवासात नेफाच म्हणत होते.) तेव्हा गावोगाव संरक्षण निधी गोळा होत होता आणि आमच्या आजीने तिची एक बुगडी काढून दिली, एकच, कारण दुसरी आधीच मोडलेली होती. त्याची पावती अण्णांनी आजवर जपून ठेवलीय. त्यातच यशवंतराव दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, 21 नोव्हेंबर 1962 ला त्यांनी शपथ घेतली आणि चीनने एकतर्फी युद्ध थांबवलं तेही त्याच दिवशी. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय, पण कराडात ते घरचं माणूस गेल्यासारखं बोललं जायचं.

यंदा, 2024 च्या मार्चमध्ये, 9 तारखेला, सेलाच्या बोगद्याचं उद्घाटन झालं आणि टीव्हीवर ती बातमी बघताना अण्णा एवढंच म्हणाले, "सेलाला बोगदा झाला होय." त्यापुढे काही नाही. पण मला कळलं. ऑगस्टमध्ये मी रजा टाकली आणि तिकिटं काढली.

तिकिटांच्याही आधी डॉक्टर केले, आणि वयस्कर माणूस बरोबर असेल तर प्रत्येकाने हेच आधी करावं असं मी म्हणेन. ईसीजी, बीपी, साखर सगळं बघून डॉक्टर म्हणाले जा, पण एकदम वर चढू नका, मध्ये एक दिवस थांबा, आणि उंचीवरच्या त्रासासाठी एक गोळी कधीपासून घ्यायची ते कागदावर लिहून दिलं. ती गोळी मनाने घेऊ नका, तिचेही सगळ्यांना न चालणारे प्रकार असतात. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आमच्याकडे कोविडपासून होतंच.

मग आयएलपी, म्हणजे ते इनर लाईन परमिट. अरुणाचलमध्ये शिरायला आपल्यालाही, म्हणजे भारतीयांनाही परवाना लागतो. हा नियम 1873 चा, इंग्रजांनी बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशन आणून डोंगराच्या पायथ्याशी एक रेषा आखली, चहामळेवाल्यांनी आणि लाकूडवाल्यांनी वर डोंगरात जाऊन भानगडी करू नयेत म्हणून. आज तिचा उपयोग इथल्या लोकांची जमीन आणि राहणी सांभाळायला होतो आणि तिथे गेल्यावर मला तरी ते पटलं. पूर्वी यासाठी गुवाहाटी, तेजपूर, कोलकाता, दिल्ली इथल्या अरुणाचल सरकारच्या ऑफिसात जावं लागायचं, आता घरी बसून ऑनलाईन होतं. मी 15 सप्टेंबरला, रविवारी, लॅपटॉपवर दोघांचे अर्ज भरले. प्रत्येकाचा वेगळा, फोटो वेगळा, ओळखपत्र वेगळं. ओळखपत्र म्हणून निवडणूक कार्ड जोडलं, आणि तिथेच चूक झाली, मी अण्णांच्या कार्डाची फक्त पुढची बाजू टाकली होती, पत्ता मागच्या बाजूला. बुधवारी अर्ज परत आला. त्या रात्री मला झोप लागली नाही, विमानाची तिकिटं काढून झाली होती, रजा मंजूर होती आणि मनात नको ते विचार. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजू एकाच पानावर घेऊन नव्याने अर्ज भरला आणि सोमवारी 23 ला परवाना आला. पैसे किरकोळ लागतात, त्याची काळजी नको, दिवस मात्र हाताशी ठेवा.

इथे मी एक गोष्ट चांगली केली ती सांगते, परवान्याच्या तारखा मागताना परतीनंतरचे चार दिवस जास्त मागितले. डोंगरात दरड कोसळली, बर्फ पडलं तर आपल्या तारखांना कोण विचारतं. हे पुढे कामाला येता येता राहिलं, पण मनावरचा भार गेला तो यामुळेच. पाच-पाच प्रिंट काढून घेतल्या. मोबाईलमधल्या पीडीएफवर विसंबून राहू नका, रेंज नसते आणि तपासणीला कागद पुढे केला की काम पटकन होतं.

14 ऑक्टोबरला पुणे, कोलकाता, गुवाहाटी. 15 ला तेजपूर. गाडी गुवाहाटीहून ड्रायव्हरसकट सगळ्या दिवसांसाठी ठरवली होती. शेअर सुमो तेजपूरहून तवांगपर्यंत पहाटे सुटतात आणि खूप स्वस्त पडतात, एकटी असते तर तशीच गेले असते, पण अण्णांना मधे थांबता यायला हवं होतं. तेजपूरला संध्याकाळी अण्णा म्हणाले हेच ते गाव, नोव्हेंबर 62 मध्ये चिनी येणार म्हणून रिकामं झालं होतं, बँकेतल्या नोटा जाळल्या होत्या. आम्ही नदीकाठी बसलो होतो, ब्रह्मपुत्रा संथ, पोरं क्रिकेट खेळत होती.

16 ला सकाळी सहाला निघालो. तिकडे उजाडतं पाचच्या आधीमागे आणि साडेचार-पाचला अंधारून येतं, त्यामुळे आपली पुण्याची नऊला निघायची सवय पूर्ण सोडावी लागते, ड्रायव्हर भैया सांगेल त्या वेळेला निघा. भालुकपाँगला गेट. गेटच्या अलीकडे आसाम, पलीकडे अरुणाचल. पोलिसांनी परवाना बघितला, नंबर रजिस्टरमध्ये उतरवला, चेहरा बघितला, झालं. वीस मिनिटं लागली आणि तीही पुढे एक मोठा ग्रुप होता म्हणून. महिनाभर ज्याची धास्ती घेतली होती ते इतकं साधं निघालं. अण्णा गाडीतून उतरून मुद्दाम गेटमधून चालत गेले.

तिथून रस्ता कामेंग नदीच्या कडेने वर चढत जातो. हा बालीपारा-चारद्वार-तवांग रस्ता, बीआरओच्या (सीमेवरचे रस्ते बांधणारी सरकारी संघटना) वर्तक प्रोजेक्टने बांधलेला आणि सतत दुरुस्त होत असलेला. नेचिफूला आता 500 मीटरचा बोगदा झालाय त्यामुळे धुक्यातली ती खिंड टळते. टेंगा, मग बोमडिला 8 हजार फुटांवर, आणि तिथून उतरून दिरांग. दिरांग पाच-साडेपाच हजार फुटांवर, हवा गार पण सोसवेल अशी, नदीकाठचं गाव. वयस्कर माणसासाठी मुक्कामाला हेच बरं.

त्या दिवशी कोजागिरी होती. मी घरून केशर, चारोळी आणि जायफळ आणलं होतं, दूध मिळेल की नाही माहीत नव्हतं, पण होमस्टेच्या दीदीने खोक्यातलं दूध दिलं आणि तिच्या चुलीवर मी आटवलं. चंद्र डोंगरामागून वर यायला साडेसात वाजले. तोपर्यंत नदीचा आवाज आणि पातेल्यातलं दूध. दीदीच्या सासूबाई अगदी वाकलेल्या, मोन्पा (ही इथली जमात) बायकांचा तो लाल झगा घातलेला, त्यांना पेला दिला तर एक घोट घेतला आणि सुनेला काहीतरी म्हणाल्या. सून हसून म्हणाली, म्हणतायत चहा छान आहे पण मीठ विसरलात. त्यांच्याकडे लोणी आणि मीठ घातलेला चहा असतो ना. पण पेला संपवला आणि परत पुढे केला.

17 ला दिरांगलाच थांबलो. जुन्या दिरांग गावात दगडी झोंग (म्हणजे किल्ला) आहे, खाली गरम पाण्याचे झरे, बाजारात किवी. अण्णांनी मला सांगितलं की 62 ला आपल्या चौथ्या डिव्हिजनचं हेडक्वार्टर इथे होतं आणि सेलाची फळी न लढताच मागे घ्यायचं ठरलं तेव्हा सगळा घोळ या खोऱ्यात झाला. हे ते वाचून सांगत होते, पण खोऱ्याकडे बघत सांगत होते त्यामुळे मला पहिल्यांदा डोळ्यासमोर आलं, एवढीशी वाट, दोन्ही बाजूंना भिंतीसारखे डोंगर, आणि हजारो माणसं एकदम मागे निघालेली.

18 ला सेला. बोगद्याने गेलं तर खिंड लागतच नाही. दोन बोगदे आहेत, एक 980 मीटरच्या आसपास आणि दुसरा दीड किलोमीटरहून थोडा मोठा, सैन्याला आणि तवांगच्या लोकांना हिवाळ्यात रस्ता बंद होण्यापासून त्याने सुटका मिळालीय. पण अण्णांना खिंडच बघायची होती, म्हणून जाताना जुन्या रस्त्याने वर गेलो. 13,700 फूट. कमानीखाली पताका फडफडत होत्या, पलीकडे तळं, पाणी शाईसारखं. ऑक्सिमीटर 84 दाखवत होतं. मी घाबरले, पण भैया म्हणाला इथे सगळ्यांचं एवढंच येतं, माझं लावून बघा, त्याचं 88 आलं. दहा मिनिटांत खाली निघालो. उंचीवर रेंगाळायचं नाही, पळायचं नाही, पाणी घोट घोट घेत राहायचं, एवढं पाळलं की बराच त्रास वाचतो. माझंच डोकं रात्रीपर्यंत दुखत होतं, अण्णांचं नाही.

वाटेत जसवंतगढ लागतं. गढवाल रायफल्सच्या चौथ्या बटालियनचे रायफलमन जसवंतसिंग रावत 17 नोव्हेंबर 1962 ला इथे नूरानांगच्या लढाईत पडले, मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्यांची खोली, अंथरूण, बूट आजही रोज नीट लावून ठेवतात. जवान सगळ्यांना गरम चहा देतात. अण्णांनी दोन्ही हातांनी कप धरला आणि बराच वेळ प्यायलेच नाहीत.

संध्याकाळी तवांग, 10 हजार फूट. आणि इथे माझ्या नियोजनातली चूक उघड झाली, आम्ही शुक्रवारी संध्याकाळी पोचलो होतो. बुमलाचं परमिट आयएलपीहून वेगळं असतं, ते तवांगच्या डीसी ऑफिसमधून निघतं (डीसी म्हणजे आपल्याकडचा कलेक्टर) आणि त्यावर सैन्याचीही मंजुरी लागते. हॉटेलवाल्याने सांगितलं, आता सोमवारी. तेव्हा जमलं तर तवांगला सोमवार ते बुधवारात पोचा. आम्हाला दोन दिवस जास्त मिळाले आणि मला वाटतं ते बरंच झालं, कारण तवांगला धावत येऊन बुमलाला फोटो काढून परत पळणारी खूप माणसं बघितली.

19 ला मठात गेलो. तवांगचा मठ 1680-81 मध्ये मेराक लामा लोद्रे ग्यात्सो यांनी पाचव्या दलाई लामांच्या सांगण्यावरून उभारला. आपल्याकडे महाराज गेले ती साल, अण्णा लगेच म्हणाले. तवांग नावाचा अर्थ घोड्याने निवडलेली जागा असा सांगतात, लामांचा घोडा हरवला आणि तो जिथे सापडला तिथे मठ बांधला. डोंगराच्या सोंडेवर एवढी मोठी वास्तू आहे की लांबून ती किल्ल्यासारखीच दिसते. आत छोटे छोटे भिक्खू, आठ-दहा वर्षांचे, पाठांतराच्या आवाजात मधूनच एकमेकांना ढोसत होते.

20 ऑक्टोबर, रविवार. याच दिवशी 1962 ला पहाटे नामका चू नदीवर हल्ला झाला आणि युद्ध सुरू झालं. मी तारखा जुळवल्या नव्हत्या, अण्णांच्या मात्र लक्षात होतं. आम्ही तवांगच्या युद्धस्मारकात गेलो. चाळीस फुटी रंगीत स्तूप आहे आणि काळ्या दगडांवर कामेंग आघाडीवर पडलेल्या 2,420 जणांची नावं. अण्णा चष्मा लावून पहिल्या दगडापासून वाचायला लागले, छापखान्यात प्रूफ वाचायचे तसं, बोट ओळीखाली सरकवत. दोन तास. मी मधे खुर्ची मागून आणली तर बसले नाहीत.

सोमवारी साडेनऊला डीसी ऑफिस. हे काम टॅक्सीवाला किंवा एजंटही करून देतो, बहुतेक लोक त्यांच्याकडूनच करून घेतात आणि घाई असेल तर तसंच करा. बाहेरची गाडी बुमलाला चालत नाही, तवांगचीच गाडी घ्यावी लागते, त्यामुळे टॅक्सी आधी ठरवायची, म्हणजे अर्जात गाडीचा आणि ड्रायव्हरचा तपशील घालता येतो. आयएलपीच्या आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स जोडायच्या. अण्णांना स्वतः जायचं होतं म्हणून आम्ही गेलो. रांगेत तासभर उभं राहिलो, फॉर्म दिला, आणि अण्णांनी झेरॉक्स द्यायला म्हणून प्लॅस्टिकचं फोल्डर उघडलं तर त्यातून ती पावती बाहेर आली. बुगडीची. ती त्यांनी बरोबर आणलीय हे मलाही माहीत नव्हतं.

टेबलापलीकडच्या ताईंनी विचारलं हे काय. अण्णांनी त्यांच्या मोडक्या हिंदीत सांगितलं, हमारे माँ ने कान का दिया था, बासठ में, इधर के लिए. त्या ताई गप्प बसल्या. मग आतून एका गृहस्थांना बोलावलं. ते आले, आणि त्यांनी ती पावती दोन्ही हातांनी घेतली, थोडं वाकून, जसं तिकडे कुठलीही मानाची वस्तू घेतात तसं. त्यांना मराठी वाचता येईना, अण्णांनी एकेक ओळ वाचून दाखवली. मग ते सांगायला लागले, माझी आई तेव्हा दोन वर्षांची होती, आजीने तिला पाठीला बांधून तवांग सोडलं, सेला चालत ओलांडली, बोमडिला, मग खाली आसाम. खाली उकाड्याने माणसं आजारी पडली. परत आले तेव्हा घर होतं, जनावरं नव्हती. रांगेतली माणसं मागे थांबून ऐकत होती, कुणीही घाई करा म्हणालं नाही.

शेवटी ते अण्णांना म्हणाले, अंकलजी, इथे येतात ते सगळे बासठचंच विचारतात. आमचं गाव त्याच्या आधीही होतं. उर्गेलिंगला गेलात का? आमचा कागद बघितला का? अण्णा म्हणाले, कागद? आणि माझ्याकडे बघितलं.

परमिट दुपारी तीनला हातात आलं, 22 तारखेचं. आणि त्या संध्याकाळी हॉटेलच्या टीव्हीवर बातमी, भारत-चीनमध्ये लडाखमधल्या गस्तीबद्दल समझोता झाला. खाली जेवायला बसलेले सगळे लोक, हॉटेलचा मालक, त्याचा आचारी, आवाज वाढवून ऐकत होते. बातमी लडाखची होती, पण सीमेवरच्या गावात अशी बातमी ऐकणं वेगळंच असतं हे मला तिथे बसून कळलं.

22 ला पहाटे टॅक्सीवाल्याचा फोन, वर रात्रभर बर्फ पडलंय, गाड्या सोडत नाहीयेत. माझा जीव खालीवर झाला, परमिट त्याच दिवसाचं. तो म्हणाला मी बघतो, आणि खरंच दुपारपर्यंत धावपळ करून दुसऱ्या दिवशीची तारीख करून आणली. म्हणून पुन्हा सांगते, एक दिवस मोकळा ठेवल्याशिवाय तवांगला जाऊ नका.

तो मोकळा दिवस आम्ही त्या गृहस्थांनी सांगितल्याप्रमाणे घालवला. उर्गेलिंग तवांगपासून अगदी जवळ, छोटंसं गोम्पा (म्हणजे मठ), झाडांच्या सावलीत. सहावे दलाई लामा त्सांगयांग ग्यात्सो इथे 1683 ला जन्मले. ते राजेपद सांभाळण्यापेक्षा प्रेमकविता करण्यासाठीच जास्त लक्षात राहिले. म्हणजे हे मोन्पांचं खोरं त्या काळात ल्हासाशी किती घट्ट बांधलेलं होतं बघा. 1914 ला सिमला करारात नकाशावर मॅकमोहन रेषा ओढली गेली तरी इथला कारभार ल्हासाच्याच हातात राहिला. फेब्रुवारी 1951 मध्ये मेजर बॉब खाथिंग आसाम रायफल्सची तुकडी घेऊन चालत तवांगला आले आणि गोळी न झाडता भारताचा कारभार सुरू केला. ते स्वतः मणिपूरचे तांगखुल नागा. मग 1959 ला चौदावे दलाई लामा ल्हासाहून निसटून 31 मार्चला सीमा ओलांडून आले तेही याच बाजूने, तवांगच्या मठात थांबून पुढे गेले. आमच्या शाळेच्या पुस्तकात यातलं काही नव्हतं. अण्णांच्या रेडिओवरही नव्हतं.

आणि कागद. मोन्पा लोक शेकडो वर्षं एका झुडपाच्या सालीपासून हाताने कागद बनवतात, त्याला मोन शुगु म्हणतात, मठातल्या पोथ्या यावर लिहिल्या जायच्या. ही कला जवळजवळ बंद पडली होती, डिसेंबर 2020 मध्ये खादी आयोगाने तवांगला कागदाचं युनिट सुरू केलं. साल राखेच्या पाण्यात उकळायची, कुटून लगदा करायचा, चौकटीवर जाळी ताणून ती पाण्यात धरायची आणि लगदा पसरायचा, मग वाळवायचं. आम्हाला एका ताईंनी सगळं दाखवलं. अण्णांनी एक ताव अंगठा आणि बोटात धरून चोळला, कानाशी नेऊन हलवला, मग उजेडाकडे धरला. त्यातले तंतू केसांसारखे दिसत होते. "हा फाटणार नाही," म्हणाले, आणि खरोखर कोपरा ओढून बघितला तर फाटला नाही. ताईंना त्यांनी इतके प्रश्न विचारले, लगदा किती वेळ कुटता, पातळ झाला हे कसं ओळखता, की मी बाहेर जाऊन दोन वेळा चहा पिऊन आले. त्या सगळ्या प्रवासात मी अण्णांना इतकं खुशीत बघितलं नव्हतं.

23 ला बुमला. सकाळी साडेसहाला निघालो, तवांगपासून 37 किलोमीटर पण अडीच तास लागले. दोन ठिकाणी कागद तपासले. पीटीएसओ तळं कडेने गोठलेलं. वर गेल्यावर एक फाटा फुटतो, एक वाट संगेत्सर तळ्याकडे (नव्वदच्या दशकात तिथे माधुरी दीक्षितचं शूटिंग झालं तेव्हापासून सगळे माधुरी लेकच म्हणतात) आणि दुसरी बुमलाला. वाटेत सुभेदार जोगिंदरसिंगांचं स्मारक लागतं, पहिली शीख बटालियन, परमवीर चक्र. त्यांच्या पलटणीतली मूठभर माणसं बुमलाखालच्या कड्यावर लढली तो दिवस 23 ऑक्टोबर 1962. आम्ही गेलो तीच तारीख, परमिट एक दिवस पुढे गेलं म्हणून. अण्णांनी टोपी काढली, मी म्हटलं अण्णा थंडी आहे, त्यांनी हाताने थांब अशी खूण केली.

बुमला 15,200 फूट. वारा असा की बोलता येत नाही. नाव नोंदवून घेतात, मग एक जवान सगळ्यांना एकत्र नेऊन माहिती सांगतो, फोटो कुठे काढायचे आणि कुठे नाही ते तेच सांगतात आणि ते निमूट ऐकायचं. पलीकडे चीनच्या हद्दीतली घरं दिसतात. दोन्ही सैन्यांच्या अधिकाऱ्यांच्या बैठका इथेच होतात. सीमा म्हणजे मी भिंत, कुंपण असं काहीतरी धरून चालले होते, तिथे दगडांचा एक ढीग आणि दोन्हीकडे सारखंच पिवळं गवत, सारखंच बर्फ. अण्णांनी जवानाला विचारलं, तुम्हाला इथे किती महिने? त्याने सांगितलं. "जेवण गरम मिळतं का?" तो हो म्हणाला. बास, एवढंच विचारलं. वीस मिनिटांत ओठ निळसर वाटायला लागले म्हणून मी त्यांना गाडीत आणून बसवलं, ऑक्सिजनचा छोटा डबा तवांगहून घेतला होता तो दोन वेळा लावला, खाली उतरेपर्यंत ठीक झाले. तो डबा जवळ असू द्याच.

24 ला निघालो, या वेळी बोगद्यातून, अण्णा खिडकीला नाक लावून बसले होते. बोमडिलाला मुक्काम, 25 ला रूपा-शेरगाव-कलाकतांगच्या रस्त्याने खाली आसामात, हा रस्ता शांत आणि सुंदर आहे, जमलं तर परतताना हाच घ्या. 26 ला विमान.

खर्च विचाराल म्हणून सांगते, दोघांचा मिळून एक लाख चाळीस हजारांच्या आसपास झाला. विमान 41 हजार, गाडी अकरा दिवसांची साठ हजारांच्या वर, बुमलाची स्थानिक टॅक्सी साडेसहा हजार, राहणं रात्रीला सरासरी अठराशे, बाकी खाणं. चौघे असाल तर गाडीचा माणशी खर्च निम्म्यावर येईल. रोख पैसे बरोबर ठेवा, तवांगला एटीएम आहेत पण कधी चालतात कधी नाही. आणि औषधं सगळी इथूनच न्या.

त्या डीसी ऑफिसातल्या गृहस्थांनी निघताना पावतीची झेरॉक्स मागितली होती, त्यांच्या आईला दाखवायला. बुमलाच्या गडबडीत ती द्यायची राहून गेली. अण्णांनी काल कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन प्रती काढून आणल्यात, एकीवर मराठी ओळींच्या खाली हिंदीत अर्थ लिहिलाय, त्यांच्या त्या सुबक अक्षरात. शुगु कागदाच्या तावातून लिफाफ्याएवढा तुकडा कापून त्यात ती घालून ठेवलीय. आता पोस्ट बंद व्हायच्या आत मला जाऊन ते स्पीड पोस्टने टाकायचंय.